वीसपैकी सात

तळोदा
१६ एप्रिल २०२५

चि. नवनीत यास तुझ्या गुरुजींचे आशीर्वाद.

पत्र पाहून तू चकित होशील. बावीस वर्षांत आपण एकमेकांशी बोललेलो नाही, आणि तो दोष तुझा नाही. फोन करता आला असता, पण दोन वर्षांपासून माझे दोन्ही कान गेले आहेत. यंत्र लावले तर नुसती शिट्टी ऐकू येते. म्हणून लिहितो आहे. पोस्टापेक्षा दोधू जीपवाला बरा. तो तळोदा–नंदुरबार रोज दोन फेऱ्या करतो. उत्तर त्याच्याच हाती दे.

त्याच्याबरोबर दोन खोकी पाठवली आहेत. एकात कॉम्प्युटर, दुसऱ्यात त्याचा मॉनिटर. ललितचा आहे. तो गेल्यावर सुरतेच्या खोलीतून त्याचे सामान आणले, त्यात हा होता. तेव्हापासून कपाटावर आहे. कोणी चालू केला नाही. तुझी काकू दर शनिवारी वरचा कपडा काढून पुसत असे. ती गेल्या वर्षी माघात गेली. तुला कळले असेलच.

जुने टीव्ही आणि कॉम्प्युटर उघडणारा जिल्ह्यात आता तूच उरला आहेस, असे दोधू म्हणतो. हा चालू होतो का ते पाहा. झाला तर एवढेच बघ, की शेवटच्या दिवसांत ललितने मला काही लिहिले होते का. बाकी काही उघडू नकोस.

चुनीलाल


नंदुरबार
२१ एप्रिल २०२५

ती. गुरुजींना नवनीतचा पाया पडून नमस्कार.

तुमचं अक्षर चिठ्ठीवर बघितलं आणि दुकानात उभाच राहिलो. दोधू म्हणाला, "काय झाये भो? कोनी वारं का?" कोणी वारलं नाही म्हटलं, गुरुजींचं पत्र आहे.

दोन्ही खोकी सुखरूप मिळाली. मॉनिटरवरचा काकूंच्या साडीचा कपडा घडी करून वेगळा ठेवला आहे. काकू गेल्याचं मला कळलं होतं. येणार होतो. तळोद्याच्या स्टँडपर्यंत आलोही होतो, तिथूनच परत फिरलो. माफ करा.

हा कॉम्प्युटर मी ओळखतो. ललितने सुरतेच्या खोलीत जोडला, तेव्हा मी तिथेच होतो. बाजूच्या पत्र्याला एक स्क्रू कमी पडत होता, तर त्याने घरमालकिणीच्या शिलाई मशीनचा एक काढून लावला. तो अजून तिथेच आहे.

गुरुजी, एक सांगतो. तुम्हाला वाटेल प्लग लावला की कळेल चालतो का. तसं करायचं नसतं. इतकी वर्षं बंद राहिलेल्या मशीनला एकदम वीज दिली तर जे वाचलंय तेही जळतं. मी सप्लायचा डबा उघडला, आत चार कपॅसिटर फुगलेत. बोर्डावरची गोल बॅटरी झिरपून हिरवी झाली आहे. मॉनिटरच्या आत दोन ठिकाणी झाळण सुटलंय. सगळं साफ करून, भाग बदलून, आधी सिरीज बल्बवर घेईन. बल्ब मंद लागला तर ठीक, भडकला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे असं समजायचं. काही भाग सुरतेहून मागवावे लागतील. महिना लागेल. घाई करू नका, मीही करणार नाही.

तुमचा आर्शिवाद असू द्या.

नवनीत


तळोदा
२ मे २०२५

चि. नवनीत,

अक्षर सुधारले आहे. चूक एकच. 'आर्शिवाद' नव्हे, 'आशीर्वाद'. चौथीपासून तू हीच चूक करतोस.

महिना लागू दे. पण तुझ्यावर काम टाकले आहे, तर माझ्या मनात काय होते तेही तुला कळले पाहिजे. ललितला सुरतेच्या कंपनीत कायमची नोकरी होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतला मी मास्तर. माझा मुलगा मोठ्या गेटाच्या आत जातो, गळ्यात ओळखपत्र घालतो, याचा मला अभिमान होता. तो ती नोकरी सोडून नंदुरबारला तुझ्याबरोबर दुकान टाकायचे म्हणत होता, आणि ते तूच त्याच्या डोक्यात भरवलेस असे मी धरून चाललो. तेराव्याला तू दारात आलास. मी तुला आत ये म्हटले नाही. तू चपला काढल्या होत्यास, त्या पुन्हा घातल्यास. ते मी पाहिले होते.

आता मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. राग टिकवायला अंगात जोर लागतो, तो उरलेला नाही.

काही सापडले तर जसे असेल तसे पाठव.

चुनीलाल


नंदुरबार
२८ मे २०२५

ती. गुरुजींना नमस्कार.

चालू झाला!

आधी मॉनिटर. चित्राच्या नळीत बंद असतानाही वीज साठून राहते, म्हणून ती जमिनीला उतरवूनच हात घातला. झाळण नवीन केलं. पहिल्यांदा लावला तर काळ्या पडद्यावर मधोमध एकच आडवी पांढरी रेघ. म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा भाग मेलेला. त्याची आयसी सुरतेहून यायला दोन आठवडे लागले. ती बसवली आणि पडदा पूर्ण उघडला. कडा जरा पिवळट आहेत, त्या तशाच राहतील.

मग डबा. सप्लायला नवे कपॅसिटर घातले, मेमरीच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, घड्याळाची बॅटरी बदलली. हार्ड डिस्क दोनदा नुसती टकटक करून थांबली. तिसऱ्यांदा फिरली. फिरल्याबरोबर मी दुसरं काही न बघता आधी सगळ्याची नक्कल काढून घेतली, कारण अशी डिस्क पुन्हा फिरेल याचा भरवसा नसतो.

फाईल आहेत. ललितने मराठी त्या वेळच्या फाँटमध्ये लिहिलंय. माझ्या नव्या कॉम्प्युटरवर ती फाईल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची नि टिंबांची खिचडी दिसते. फक्त त्याच्या स्वतःच्या मशीनवर ती मराठी होऊन उभी राहते. म्हणून बरं झालं तुम्ही इतकी वर्षं हे मोडीत घातलं नाही.

तुम्ही म्हणालात तेवढंच उघडलं. तुमच्या नावाचं एक पत्र आहे. ९ नोव्हेंबर २००३ चं. प्रिंट काढून सोबत पाठवतोय. गुरुजी, बसून वाचा.

नवनीत

(सोबतचा कागद)

ती. आबा,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही रागावलात ते माझ्या भल्यासाठीच, हे मला कळतं. माझ्या मनात तुमच्याबद्दल काहीही नाही. नोकरीचं सध्या राहू देतो, नंतर आपण बसून बोलू. आईला सांगा, मी मजेत आहे. तुमचा आर्शीवाद पाठीशी असू द्या.

ललित


तळोदा
६ जून २०२५

नवनीत यास,

चाळीस वर्षे मी पोरांच्या वह्या तपासल्या. वहीवरचे नाव झाकले तरी चुकांवरून पोर ओळखत असे. प्रत्येक जण आपापल्या जागी चुकतो आणि म्हातारा होईपर्यंत तिथेच चुकत राहतो.

ललित 'आशिर्वाद' लिहायचा. शि ऱ्हस्व. त्याचा रफार कधी चुकला नाही. रफार चुकतो तो तुझा. मी मागच्या पत्रात सांगितल्यावर तू वेलांटी दुरुस्त केलीस आणि रफार तसाच ठेवलास. हा कागद ललितने लिहिलेला नाही. तू लिहिला आहेस, त्याच्या मशीनवर बसून.

पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो डोळ्यांना लावला होता. देवापुढे ठेवला होता. दुसऱ्यांदा वाचताना तो शब्द दिसला. तुला हे कळावे म्हणून लिहितो आहे.

आणि आता ऐक. त्या कागदात 'तुमचं पत्र मिळालं' असे तू लिहिलेस. मी ललितला पत्र लिहिलेच नव्हते. दिवाळीनंतर त्याचे पत्र आले होते, नोकरी सोडून येऊ का म्हणून विचारणारे. मी त्याला उत्तर लिहिले नाही. मी त्याच्याच पत्रावर लाल पेनने चुकांना गोल केले, बाजूला शुद्ध शब्द लिहिले आणि खाली गुण दिले. वीसपैकी सात. आणि तो कागद पाकिटात घालून त्याला परत पाठवला. एक अक्षर जास्त लिहिले नाही. सव्वीस वर्षांच्या मुलाला. पाकीट पोस्टात टाकून मी चहा प्यालो होतो, तेही मला आठवते.

मी तुझ्याकडे माफीचा कागद मागितला नव्हता. त्याने मला शिव्या दिल्या असतील तर त्या पाठव. काहीच नसेल तर काहीच नाही असे लिही. खोटे कौतुक करणाऱ्या मास्तराच्या हाताखाली तू शिकलेला नाहीस.

चुनीलाल


नंदुरबार
१२ जून २०२५

ती. गुरुजी,

मला मारा, पण वाचा.

चुकलो. डिस्कमध्ये जे होतं ते वाचून मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि बसून राहिलो. म्हटलं, हे गुरुजींना झेपणार नाही. काकू नाहीत, घरात दुसरं माणूस नाही. म्हणून ते लिहिलं. तुमच्यासाठी लिहिलं असं वाटत होतं. आता वाटतं, हे तुम्हाला द्यायला लागू नये म्हणून माझ्यासाठीच लिहिलं.

तुमच्या नावाच्या दोन फाईल आहेत. दोन्ही जशाच्या तशा छापून सोबत ठेवल्यात. एका अक्षराला हात लावलेला नाही. तरी इथेही थोडं सांगतो, म्हणजे पाकीट उघडण्याआधी कळेल.

पहिली ३० ऑक्टोबर २००३ ची. तुम्हाला आलेलं पत्र तेच. "दिवाळित बोलायचे होते पण धिर झाला नाही. मला इथे करमत नाही. मि आणी नवनीतने नंदुरबारला जागा बघीतली आहे. जुने टिव्ही, कॉम्प्युटर दुरुस्त करू. तुमच्या जवळ राहीन, आईला पण बरे वाटेल. तुमचा आशिर्वाद असला तर मि येतो." असं पानभर आहे.

दुसरी ८ नोव्हेंबरची, शनिवारची. तेच पत्र. शब्द न् शब्द तेच, फक्त तुम्ही केलेल्या सगळ्या दुरुस्त्या त्यात घातल्यात. दिवाळीत, धीर, मी, आणि, आशीर्वाद. सगळं शुद्ध. आणि शेवटी एक ओळ नवी आहे.

"तेरा चुका दुरुस्त केल्या आहेत. आता येऊ का?"

याच्यापुढे काही नाही, गुरुजी. सगळी डिस्क बघितली. पोस्टात टाकलं असतं तर तुम्हाला मिळालं असतं. शनिवारी हे लिहिलं आणि बुधवारी तो मोटरसायकलवर निघाला. विसरवाडीच्या अलीकडे त्या ट्रकने... तो तळोद्याकडेच येत होता. तुम्ही लोकांना सांगितलंत, कंपनीच्या कामाने निघाला होता म्हणून. मी कधी कोणाला काही बोललो नाही.

अजून एक गोष्ट. आता माझ्या बोलण्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, ते माझंच कर्म, पण ही खरी आहे. त्या शनिवारी त्याने आमच्या शेजारच्या एसटीडीवर फोन केला होता. म्हणाला, "आबानी मन्हं पत्र तपासीसन धाडी दिधं. वीसमाईन सात मार्क भेटनात भो!" आणि हसला. मी विचारलं, वाईट वाटलं का? तर म्हणाला, "वाटनं. पन त्यास्ना सभावच तसा शे." एवढंच. मग तीन मिनिटं झाली आणि फोन कट झाला.

नवनीत


नंदुरबार
१९ जुलै २०२५

ती. गुरुजी,

महिना झाला, उत्तर नाही. दोधूला रोज विचारतो. तो म्हणतो, गुरुजी आता ओट्यावर बसत नाहीत, चिठ्ठी घेऊन दार लावून घेतात. तब्येत बरी आहे ना? निदान एवढं त्याच्याजवळ सांगून पाठवा.

कॉम्प्युटर परत धाडू की इथे असू दे? दर आठवड्याला थोडा वेळ चालू करून ठेवतो.

नवनीत


तळोदा
२० ऑगस्ट २०२५

चि. नवनीत,

तब्येत बरी आहे. लिहायला हात धजत नव्हता.

दोन्ही कागद मिळाले. दुसऱ्या कागदात मी पुन्हा चुका शोधल्या. आधी सवयीने, मग मुद्दाम. एकही नाही. त्याला कोणीतरी बसवून शिकवावे तसा त्याने एकेक शब्द नीट केला आहे. वर्गात असा कागद आला असता तर मी तो सगळ्या पोरांना वाचून दाखवला असता.

त्याच्या फोनचे तू लिहिलेस ते मला खरे वाटते. 'त्यास्ना सभावच तसा शे' हे तुला सुचणारे नाही. तू असतास तर काहीतरी गोड लिहिले असतेस.

आता जे लिहितो ते मी कोणाजवळ बोललेलो नाही. ललितचे ते पहिले पत्र आले, तेव्हा तुझी काकू रुक्मिणी शेतात कापूस वेचायला गेली होती. पोस्टमनने ते माझ्या हातात दिले. मी तिला सांगितले नाही. म्हटले, ती लगेच रडेल, ये म्हणून निरोप धाडेल. त्याचे खूळ उतरले की सांगू. दहा-बारा दिवसांनी तो गेला. त्यानंतर सांगण्याची सोय उरली नाही. सांगितले असते तर पुढचा प्रश्न आला असता, की तुम्ही काय उत्तर दिलेत.

ती वीस वर्षे एकच वाक्य बोलत राहिली. "पोरगा सुरतले गया न् घर इसरी गया." दिवाळीला, पोळ्याला, त्याच्या जन्मदिवशी. मी समोर बसलेला असे. तो विसरला नव्हता, परत येऊ का म्हणून विचारत होता, हे मला माहीत होते आणि मी पेपर वाचत असे. कॉम्प्युटर ती जपायची. मी मात्र तिच्या हयातीत तो उघडायला घाबरत होतो. आत काही निघाले असते तर तिला कळले असते. ती गेल्यावर मी तुला खोकी पाठवली. यातले पुढचे-मागचे तूच समज.

मला एक विचारायचे आहे. ललित तुझ्याशी बोलत असे. तिच्याशीही कधी बोलला होता का? तिला काही कळले होते का? तुला माहीत असेल तर सांग. नसेल तर नाही म्हण. काही रचू नकोस.

चुनीलाल


नंदुरबार
२७ ऑगस्ट २०२५

ती. गुरुजींना नमस्कार.

रचत नाही. रचलं असतं तर दोधूने सकाळी तुमची चिठ्ठी दिली, त्याच दुपारी उत्तर धाडलं असतं. आठवडा गेला.

ललित काकूंशी या विषयावर बोलला नव्हता. "आबांचं कळल्यावर आईला सांगीन" असंच तो मला म्हणायचा.

पण काकू माझ्याकडे यायच्या. हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही मला दारातून परत पाठवलंत, त्याच्या पुढच्या दिवाळीआधी त्या पहिल्यांदा दुकानात आल्या. हातात पिशवीत रेडिओ. वाजत नाही म्हणाल्या. मी लावला, तर छान वाजत होता. त्या बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "नवनीत, मन्हा ललितनी तुले काही सांगेल व्हतं का रे? घर येवानं?"

मी नाही म्हणालो.

का म्हणालो, ते मी अजून स्वतःला विचारतो. तुमच्या घरातली गोष्ट मी कशी फोडू, असं वाटलं. त्या पत्राचं आणि लाल पेनचं मला ठाऊक होतं. सांगितलं असतं तर त्यांनी घरी येऊन तुम्हाला जाब विचारला असता. एका घरात दोनच माणसं उरलेली, ती पण तुटायची. आणि खरं सांगू? तुमच्याबद्दलचा रागही होता. म्हटलं, हे ओझं गुरुजींचं आहे, मी का उतरवू.

त्यानंतर त्या दर वर्षी आल्या. कधी इस्त्री, कधी मिक्सर, कधी घड्याळ. बिघाड नसायचाच. मी तपासून परत द्यायचो. त्या तेच विचारायच्या, मी तेच सांगायचो. मग पुढे पुढे विचारणंही सोडलं. नुसत्या माझ्याकडे बघत बसायच्या.

शेवटी आल्या ते गेल्याच्या आधीच्या दिवाळीला. टेबल फॅन आणला होता. जिना चढून दम लागला होता. मी फॅन लावला, वारा त्यांच्याकडे केला. जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "तुले मालूम शे, पन तू सांगाव नही. ऱ्हाऊ दे. मी थकी गऊ."

मी तेव्हाही बोललो नाही, गुरुजी. त्या जिना उतरल्या. तीन महिन्यांनी माघात बातमी आली.

तुम्ही विचारलंत, तिला काही कळलं होतं का. काय आहे ते कळलं नव्हतं. काहीतरी आहे आणि आम्ही दोघं लपवतोय, एवढं कळलं होतं. यात मी एकही शब्द गोड केलेला नाही.

नवनीत


तळोदा
४ सप्टेंबर २०२५

चि. नवनीत,

त्या रेडिओला काय झाले होते, असे मी तिला एकदा विचारले होते. ती म्हणाली, बरा झाला.

पंधरा तारखेला अविधवा नवमी आहे. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचे श्राद्ध त्या दिवशी करतात. रुक्मिणीची धाकटी बहीण धनुबाई प्रकाशा गावाहून स्वयंपाकाला येते आहे, तिलाच सवाष्ण म्हणून बसवायचे आहे. त्या दिवशी ललितची दोन्ही पत्रे मी रुक्मिणीच्या फोटोपुढे मोठ्याने वाचणार आहे. जिवंतपणी सांगितले नाही, आता सांगून काय होणार, असे तू म्हणशील. मलाही माहीत नाही. पण सांगायचे ठरवले आहे.

तू ये. मी वाचीन आणि तू शेजारी बस. सकाळच्या फेरीला दोधू तुला घेऊन येईल.

चुनीलाल


तळोदा
१८ सप्टेंबर २०२५

चि. नवनीत,

नवमीला तू आला नाहीस. दोधू म्हणाला, दुकान बंद होते आणि तू घरीही नव्हतास. मी काही म्हणत नाही. तू स्टँडवरून परत फिरतोस हे मला माहीत आहे.

काय झाले ते तुला कळायला हवे, म्हणून लिहितो.

धनुबाईने सकाळपासून स्वयंपाक केला. खीर, वडे, गवारीची भाजी, सगळे रुक्मिणी करायची तसे. बाराच्या सुमाराला पान वाढले. धनुबाई पाटावर बसली. मी म्हटले, जरा थांब, जेवायच्या आधी मला काही वाचायचे आहे. ती हात जोडून बसली. तिला वाटले पोथी आहे.

मी फोटोपुढे उभा राहून आधी पहिले पत्र वाचले. 'मि आणी नवनीतने' जसे लिहिले आहे तसेच वाचले. मला ऐकू येत नसल्याने आवाज किती चढला ते कळले नाही. शेजारचा भिकन आणि त्याची सून ओट्यावर येऊन उभी राहिली, ते दिसले तेव्हा समजले. थांबलो नाही. त्यांनाही ऐकू द्यावे असे वाटले. मी काय केले, किती गुण दिले, ते सांगितले. मग दुसरे पत्र वाचले. शेवटच्या ओळीला मी अडलो. दोनदा सुरुवात केली, तिसऱ्यांदा वाचली.

मागे वळलो तर धनुबाई माझ्याकडे बघत होती. मला कानाने ऐकू येत नाही, पण तिचे ओठ मी नीट वाचले. "बहीण मन्ही रडी रडी मरी गयी. इतला वरीस काबर सांगं नही?"

भीती वाटली म्हणून, असे म्हणता आले असते. पण चाळीस वर्षे पोरांना ते कारण मी कधी चालवून घेतले नाही.

ती पानावरून उठली. एक घास घेतला नाही. भांडी पालथी घातली, चूल विझवली, पदराने डोळे पुसले आणि पिशवी उचलून निघाली. जाताना बहिणीच्या फोटोला नमस्कार केला, मला केला नाही. भिकन तिला थांबवायला गेला, तर तिने त्यालाही हातानेच बाजूला सारले. दोधूच्या दुपारच्या फेरीने ती प्रकाशाच्या फाट्याला उतरली. नवमीच्या दिवशी माझ्या दारातून सवाष्ण उपाशी गेली. रुक्मिणीच्या नावाचे पान तसेच राहिले. मी ते गाईला घातले आणि स्वतः जेवलो नाही.

भिकनची सून तिन्हीसांजेला ताट झाकून ठेवून गेली. आधी रोज ओट्यावरून हाक मारायची, ऐकू येत नाही तरी मारायची. आता तीन दिवसांत मारलेली नाही.

मी सांगितल्याने रुक्मिणीला काही पोचले, असे मला वाटत नाही. हलकेही वाटले नाही. इतकेच झाले, की जे खरे ते आता चार माणसांना माहीत आहे आणि मला त्यांच्या समोरून रोज जायचे आहे. ते मी जाईन.

तू आला नाहीस ते बरे केलेस, असे मी लिहायला घेतले होते. पण ते खरे नाही. वाचून झाल्यावर मी शेजारी पाहिले, आणि तिथे कोणी नव्हते. तू यायला हवे होतेस.

चुनीलाल